एकवीस रुपयांचा फायदा

आमचा कुकर शिट्टी देईनासा झाला आणि बाजूने फुसफुसायला लागला, तेव्हा हिने गॅस बंद न करताच निदान केलं, "रिंग गेली."

कुकरची रिंग म्हणजे झाकणात बसणारं ते काळं रबरी कडं. आमच्या इमारतीतून उतरून डावीकडे वळलं की सत्तावीस पावलांवर शेठचं दुकान आहे. तिथे गल्ल्याच्या बरोबर वर, शेठच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, एका खिळ्याला कुकरच्या रिंगा टांगलेल्या असतात. गेली अकरा वर्षं साखर, रवा आणि सुटे पैसे घेताना मी त्या रिंगांकडे बघत आलो आहे. कुकरची रिंग कुठे मिळते असं मला झोपेतून उठवून विचारलंत, तरी मी त्या खिळ्याकडे बोट दाखवीन.

तरीही मी रिंग मोबाइलवरून मागवली. शेठकडे ती 150 रुपयांना होती आणि मोबाइलवर 129 ला. एकवीस रुपयांचा फायदा! सत्यनारायणाच्या ताटात अकरा रुपये टाकतानाही ज्याचा हात क्षणभर खिशात अडखळतो, त्याला एकवीस रुपयांची किंमत काय ते विचारा.

पैसे भरायच्या पानावर गेलो तर तिथे घरपोच आणून द्यायचे 40 रुपये वेगळे लावलेले. म्हणजे फायदा तर गेलाच, वर एकोणीस रुपयांची खोट. पण खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : जवळच्या दुकानातून स्वतः नेल्यास शुल्क नाही. ही ओळ माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेली असते. मी तत्काळ बोट दाबलं. मोबाइलने हिरवी बरोबरची खूण दाखवली, अभिनंदन केलं, आणि जवळच्या दुकानाचं नाव सांगितलं.

शेठचं दुकान.

आता तुम्ही म्हणाल, सरळ घरीच का नाही मागवलं? चाळीस रुपयांचं एवढं काय? पण घरपोच या शब्दाशी आमचं फार पूर्वीच बिनसलेलं आहे. डोंबिवलीत नवरा-बायको दोघंही मुंबईला नोकरीला असली, की घर ही रात्री अंग टाकायची जागा उरते. सकाळी आठला लागलेलं कुलूप रात्री आठला निघतं. आणि पार्सल घेऊन येणारा मुलगा नेमका दुपारी बारा ते चार या वेळात येतो, जेव्हा इमारतीत फक्त कबुतरं जागी असतात.

सुरुवातीला शेजारच्या काकूंनी हा भार आनंदाने उचलला होता. संध्याकाळी दार वाजवावं, काकूंनी पार्सल आणि सोबत त्याचं परीक्षण द्यावं. "कापड आहे. दाबून बघितलं. पण या वेळी पातळ वाटतंय." पुढे पुढे त्यांच्याकडे आमच्या खरेदीची नोंद आमच्यापेक्षा पक्की राहू लागली. "मागच्या मंगळवारी ते लांबट आलं होतं, ते परत केलंत की ठेवलंत?" हळूहळू वरच्या दोन मजल्यांचीही पार्सलं त्यांच्याकडे यायला लागली आणि त्यांचा दिवाण गोदामासारखा दिसू लागला. अधिक महिन्यात त्यांचे जावई धोंड्याच्या जेवणाला आले आणि दमून भागून जे मऊ दिसलं त्यावर बसले. चादरीखाली तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या काचेच्या सहा वाट्या होत्या. त्या दिवशी काकूंनी टपालखात्याचा राजीनामा दिला.

मग विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत गेला. गच्चीची गळती, पाण्याची टाकी आणि लिफ्टचा करार हे तिन्ही विषय पुढच्या सभेवर ढकलून, वॉचमनने पार्सल घ्यावं की घेऊ नये यावर पावणेदोन तास चर्चा झाली. शेवटी दोन्ही बाजूंचं समाधान करणारा ठराव झाला : वॉचमनने पार्सल घेऊ नये, पण आल्याचं कळवावं. तेव्हापासून वॉचमन इमानाने आम्हाला कचेरीत फोन करतो. "साहेब, पार्सल आलं होतं." "बरं, मग?" "गेलं."

आणि ओटीपी! हा आकडा कुणालाही सांगू नका, अशी तंबी देत तो येतो. एकदा मी सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने पोट धरून उभा असताना पार्सलवाल्या मुलाचा, कधी नव्हे ते सकाळीच, फोन आला. पोट सोडून फोन घेतला. बेल ऐकून कुणीच दार उघडेना, त्याला शेजारी ठेवायचं होतं, त्यासाठी ओटीपी हवा होता. डब्यात भजन रंगात आलेलं. मी ओरडलो, "आठ, चार, सात, एक!" तो म्हणाला, "साठ?" मी म्हणालो, "सात! सात!" शेवटी भजनी मंडळाच्या बुवांनी हात वर करून टाळ थांबवले आणि आपल्या कमावलेल्या आवाजात माझ्या फोनमध्ये सांगितलं, "आठ, चार, सात, एक." मुंब्र्यापर्यंत माझा गुप्त आकडा सगळ्या डब्याला पाठ झाला होता.

पत्त्याचं तर विचारू नका. सहा आकड्यांचा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या कोकणातल्या माणसाने बसवला. गृहस्थ टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावं पन्नास ठिकाणी, पत्ते नाना लिप्यांत, अक्षर लागता लागत नाही, अशा सगळ्या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा दिला. 4 म्हटलं की पत्र महाराष्ट्र-गोव्याच्या बाजूला वळलं, 421201 म्हटलं की डोंबिवली पूर्वेला येऊन उभं राहिलं. वेलणकरांनी सहा आकड्यांत अख्खा देश बसवला. आमची सोसायटी मात्र कुणाला सापडत नाही. "काका, मी गणपती मंदिरापाशी उभा आहे." "कुठल्या गणपती मंदिरापाशी?" "कुठली कुठली आहेत?" इथून पुढे संभाषण कधीच पुढे सरकत नाही.

म्हणून दुकानातून पार्सल घेण्याची कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हा क्रांतिकारक वाटली होती. तशी ती जुनीच. माझे वडील पुण्याहून पुस्तकं व्हीपीने मागवायचे. व्हीपी आली की पोस्टमन दारात पैशांसाठी थांबायचा, आणि महिनाअखेर असली की वडील खिडकीतून सांगायचे, "उद्या पोस्टात येऊन सोडवतो." सोडवतो हाच शब्द. जणू पुस्तकाला कुणी ओलीस धरलं आहे. पुढे 2010 मध्ये फ्लिपकार्टने वस्तू हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय काढली, तेव्हा लोकांनी तिचं कोण कौतुक केलं. आम्ही घरात एकमेकांकडे बघितलं. ही तर आपली व्हीपी, फक्त खाकी कपडे काढलेली! मग 2015 मध्ये अमेझॉनने भारतात 'आय हॅव स्पेस' नावाची योजना आणली. जागा आहे असं म्हणणाऱ्या किराणावाल्याकडे पार्सलं ठेवायची, त्याने ती आसपास पोहोचवायची किंवा गिऱ्हाइकाने येऊन न्यायची. माझी रिंग ज्या कंपनीकडून आली तिचं नाव मी सांगणार नाही. नाहीतर ती मला उरलेल्या आयुष्यभर कुकरच्या रिंगा दाखवत राहील. आत्ताच दाखवते आहे.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे 2013 पासून ईबेवर घेतलेली वस्तू आर्गोस नावाच्या दुकानातून उचलायची सोय झाली. तो सांगत होता, "मामा, आत जायचं, नंबर दाखवायचा, वस्तू घ्यायची, बाहेर. दोन मिनिटं."

"आणि आत काय आहे म्हणून कुणी विचारत नाही?"

"नाही."

"हलवून बघत नाहीत?"

"नाही."

"मग तुम्हाला तिकडे करमतं कसं रे?"

तर माझी रिंग निघाली. मोबाइलवर तिचा प्रवास दिसत होता. सोमवारी भिवंडीत पोहोचली. मंगळवारी भिवंडीहून निघाली. बुधवारी भिवंडीत पोहोचली. भिवंडीत गोदामांचं एक वेगळं जग आहे हे मला ठाऊक होतं, पण रबराच्या एका कड्याला तिथल्या किती नातेवाइकांना भेटायचं असतं याची कल्पना नव्हती. गुरुवारी ती पुन्हा निघाली आणि शुक्रवारी संदेश आला : आपलं पार्सल तयार आहे. पाच दिवसांत न नेल्यास परत पाठवलं जाईल.

इतके दिवस माझ्या मनात जे नुसतं टोचत होतं ते आता समोर उभं राहिलं. ज्या माणसाच्या डोक्यावर रिंगा टांगल्या आहेत, त्याच माणसाकडून मला दुसरीकडून आणवलेली रिंग घ्यायची होती. नवऱ्या मुलाने जिला नकार दिला तिच्याच वडिलांकडून लग्नाच्या पत्रिका छापून घ्याव्यात, त्यातला हा प्रकार.

शुक्रवारी रात्री साडेआठला मी दुकानात गेलो. तिथे चार बायका आणि एक आजोबा उभे होते. सरळ पार्सल मागायचा धीर होईना. "अर्धा किलो साबुदाणा द्या," मी म्हणालो. घरी साबुदाणा होता. शेठनी तो पुडीत बांधला, हिशेब सांगितला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आणि साहेब, पार्सल?"

"कसलं पार्सल?" मी विचारलं. मला स्वतःलाच माझा आवाज खोटा वाटला.

"तुमच्या नावाचं आलंय ना. मोठं आहे."

पार्सलं ठेवायची शेठची स्वतःची पद्धत आहे. कंपनीने प्रत्येक खोक्यावर पट्ट्यापट्ट्यांची खूण आणि बारा आकडी नंबर चिकटवलेला असतो. शेठ तिकडे बघतही नाहीत. ते पार्सल लक्षात ठेवतात ते माणसाच्या रूपावरून. "तुमचं ते चपटं ना? तुरीच्या पोत्यामागे बघ रे." "वहिनी, तुमचं गुबगुबीत आलंय." आणि पार्सल देताना ते एकदा दाबतात आणि एकदा कानाशी नेऊन हलवतात, भरताचं वांगं पारखावं तसं. मग पुढचं गिऱ्हाईकही हात लावून बघतं. तेवढ्यात एका पार्सलवरून जाहीर चर्चा झाली. आजोबा म्हणाले, "चप्पल आहे." एक बाई म्हणाल्या, "छे, चपलेचं खोकं असं नसतं, मिक्सरचं भांडं असेल." ज्यांचं पार्सल होतं ते सद्गृहस्थ घाम पुसत "औषधं आहेत हो" म्हणाले आणि जवळजवळ पळाले. त्यावर मागे दहा मिनिटं, कसली औषधं, हा विषय चालला.

कोण काय आणतो हे कुणाला कळू नये म्हणून माणसं ऑनलाइन खरेदी करायला लागली असावीत, अशी माझी एक भाबडी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी मी केस उगवायचं तेल मागवलं होतं. आमच्या गल्लीत ते अजून कुणी विसरलेलं नाही. लोक माझ्याशी बोलताना आधी माझ्या डोळ्यांत बघतात आणि मग, निकाल लागला का हे बघायला, थोडं वर.

माझं पार्सल त्या दिवशी सापडलं नाही. "मुलाने कुठे ठेवलंय बघतो. उद्या या." मी साबुदाणा घेऊन घरी आलो. साबुदाण्याचे झाले साठ रुपये.

शनिवारी गेलो तेव्हा पार्सल गव्हाच्या पोत्यांवर मानाने बसवलेलं होतं. केवढं खोकं ते! चाळीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद, वीस उंच. बऱ्याच कुरिअर कंपन्यांत असा हिशेब असतो, की खोकं हलकं पण आडवंतिडवं असलं तर लांबी, रुंदी, उंची गुणायची, पाच हजारांनी भागायचं आणि येईल ते वजन धरायचं. मी मनात भागाकार केला. माझी रिंग चार किलो आठशे ग्रॅमची झाली होती. कुकरसुद्धा एवढा भरत नाही.

"ओटीपी सांगा," शेठ म्हणाले.

या कंपनीचा ओटीपी हिच्या फोनवर येतो, कारण तिथलं खातं हिच्या नावावर आहे. आणि ही त्या वेळी सहा-दहाच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात होती. शनिवारी अर्धा दिवस असायचा तो काळ हिच्या कचेरीत संपला. गर्दीच्या लेडीज डब्यात बाईच्या खांद्याला पर्स असते, पर्सच्या तळाशी डबा असतो, डब्याच्या खाली छत्री असते, आणि छत्रीच्या घडीत फोन असतो. तो काढायला हात लागतो. हात खाली घ्यायला जागा लागते. जागा मिळाली तेव्हा डोंबिवली आली होती आणि शेठनी शटर अर्धं ओढलं होतं. मध्यंतरी नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मी बारा काड्यापेट्या, अर्धा डझन मेणबत्त्या आणि एक खराटा घेतला. पंच्याहत्तर रुपये. हिने दारातच विचारलं, "लाइट जाणार आहेत का?"

रविवारी सकाळी मात्र मी हिचा फोन हातात घेऊनच खाली उतरलो. ओटीपी आला. त्याचं आयुष्य दहा मिनिटांचं असतं. "शेठ, आला बरं का!" मी म्हणालो. "एक मिनिट साहेब, एवढं गिऱ्हाईक काढतो." पण दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. संकष्टीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीत एवढं गिऱ्हाईक काढायला दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. वरी झाली, शेंगदाणे झाले, राजगिऱ्याचे लाडू झाले, भगर आणि वरी एकच का वेगळी यावर दोन आज्यांचा वाद झाला. अकराव्या मिनिटाला शेठ माझ्याकडे वळले. "सांगा." मी सांगितला. यंत्राने नाही म्हटलं. नवा मागवला, तर तासाभराने प्रयत्न करा असं उत्तर आलं. मोबाइललाही माझा कंटाळा आला असावा. मी निमूटपणे पाव किलो सुकं खोबरं आणि पापडाचं एक पाकीट घेतलं. एकशे दहा.

दुपारी कचेरीतल्या सवयीने मी कागदावर हिशेब मांडला. साठ, पंच्याहत्तर, एकशे दहा : दोनशे पंचेचाळीस. फायदा : एकवीस. आणि घरात साबुदाण्याचा एवढा साठा, की जगबुडी आली तरी आमच्या घरी खिचडी शिजेल. अर्थात, कुकरशिवाय.

संध्याकाळी चौथ्यांदा गेलो. ओटीपी आला, शेठनी लगेच दाबला, यंत्राने हो म्हटलं. मी खोकं काखेत मारून निघणार, तेवढ्यात शेठ म्हणाले, "साहेब, इथेच उघडून बघा. नंतर लोक माझ्याशी भांडतात."

"नको, घरी बघतो."

"बघा हो," मागून आजोबा म्हणाले. शुक्रवारचेच आजोबा. ते तिथेच राहतात की काय कोण जाणे. "एवढं मोठं काय आणलंय ते आम्हालाही कळू दे."

शेठनी गुळाची ढेप फोडायची सुरी पुढे केली. मी पट्टी कापली. आत खाकी कागदाचा बोळा निघाला. त्याच्याखाली हवा भरलेल्या पिशव्या निघाल्या, त्या आजोबांनी नातवासाठी मागून घेतल्या. त्याच्याखाली पुन्हा कागद. दुकानातला वजनकाटा, भांडण, सगळं थांबलं होतं. शेवटी खोक्याच्या तळाशी हात घालून मी ती बाहेर काढली.

काळी. गोल. कुकरची रिंग.

कुणी काही बोललं नाही. चार बायका, आजोबा, दुकानातला मुलगा आणि दूध न्यायला आलेली एक शाळकरी पोरगी, सगळ्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं. मग सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या, खिळ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. टेनिसचा सामना बघावा तसं दोन वेळा झालं.

"केवढ्याला पडली?" शेठनी विचारलं. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

"एकशे एकोणतीस."

"बरी पडली." त्यांनी रिंग हातात घेतली, ताणून बघितली, नाकाशी नेली आणि परत दिली. "पण साहेब, ही तीन लिटरची. तुमचा कुकर पाचाचा आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दिवाळीच्या आधी वहिनी शिट्टी घेऊन गेल्या होत्या ना माझ्याकडून."

मोबाइलला माझा जन्मदिवस, माझा रस्ता, माझी टक्कल पडायची सुरुवात, सगळं माहीत होतं. माझा कुकर किती लिटरचा हे मात्र शेठना ठाऊक होतं.

रिंग परत करायची होती. ती कुठे द्यायची हे मोबाइलला विचारलं. त्याने जवळचं दुकान दाखवलं. मी मान वर केली, शेठनी मान डोलावली. परत का करता, या प्रश्नाला पर्याय दिलेले होते : वस्तू फुटलेली आहे, रंग वेगळा आहे, मापात बसत नाही, मत बदललं. लाज वाटली, असा पर्याय नव्हता. मी मापात बसत नाही वर बोट ठेवलं. पैसे परत मिळाले ते खिशात नाही, मोबाइलच्या बटव्यात. म्हणजे त्याच कंपनीकडे पुन्हा काहीतरी घ्यायचं. घेतलं तर तेही शेठच्याच दुकानात येणार.

"आता वरची द्या एक," मी खिळ्याकडे बोट दाखवून म्हणालो. अकरा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य शेवटी वापरलं.

शेठनी काठीने रिंग उतरवली. 150 रुपये. मी दिले. मुकाट्याने पाकीट घेतलं आणि सहज उलटं करून बघितलं. मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा एक तुकडा नीट न निघालेला होता. त्यावर अर्ध्या पट्ट्यापट्ट्या होत्या आणि त्याच कंपनीच्या चिन्हाचं एक टोक.

"शेठ, ही...?"

शेठ जिरं पुडीत बांधत होते. त्यांनी वर बघितलंच नाही. "सेल होता ना साहेब मागच्या महिन्यात. एक घेतली की महाग, डझन घेतलं की नव्वदला पडते. साबण, तेल, कपड्याची पावडर, सेलला तिकडूनच भरून घेतो आता. होलसेलवाला परवडत नाही."

"मग तुमचं पार्सल इथेच येत असेल. बरंय की."

"कुठलं! माझ्याच दुकानाचा पत्ता माझ्याच नावाने घेत नाही ते. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायला लागतं." क्षणभर थांबून ते हळूच म्हणाले, "खोकं नेताय का? ठेवून जा, अंडी ठेवायला बरं आहे."

मी खोकं ठेवून आलो. रात्री कुकरने पहिली शिट्टी दिली तेव्हा ही म्हणाली, "बघ, ऑनलाइनची रिंग चांगली निघाली." मी तिला दुरुस्त केलं नाही. तसं बघितलं तर तिचं काही चुकलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात गेलो. परीक्षांचे दिवस, पोरांची ही गर्दी. गर्दीच्या कडेला, कपाळावर चष्मा चढवून, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून शेठ उभे होते. आपल्या दुकानात एवढा ऐसपैस दिसणारा माणूस, इथे अंग चोरून उभा होता.

"आला का ओटीपी?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"येतोय, येतोय. तू पोरांचं काढ आधी."

झेरॉक्सवाल्याने खोकं उचललं, दाबलं, कानाशी नेऊन हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. चारपाच पोरांनी माना वळवल्या. माझाही हात नकळत पुढे गेला. मीही खोकं थोडं दाबून बघितलं आणि म्हणालो, "काय हो शेठ, काय मागवलंत? जड दिसतंय."

"काही नाही हो, असंच. दुकानाचं."

खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं होतं : बॉलपेन, निळं, 50 नग. मी वर बघितलं. झेरॉक्सवाल्याच्या डोक्यापासून वीतभर वर, एका दोरीला, निळ्या बॉलपेनांची पाकिटं ओळीने टांगलेली होती.

शेठनीही वर बघितलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "दोन बॉलपेनं दे रे. आणि ती डिंकाची बाटली. आणि एक मोजपट्टी."